गृहभेटीच्या अहवालाला पुरवणी

बडोदे,
९ मार्च २०२५

चि. मोहनास,

शरददादाचे आशीर्वाद. माझ्या बहिणीची मैत्रीण आणि माझी विद्यार्थिनी असूनही बोर्डाच्या परीक्षेत संस्कृतच्या पेपरात तू सगळे विसर्ग शाईचे डाग समजून गाळले होतेस. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली, म्हणून आज माफ केलं. शिवाय सध्या माझी गरज आहे, आणि गरजवंत मास्तर फार क्षमाशील असतो.

फोन असताना पत्र का, असं तू विचारशील. फोनवर सानवी तुझ्या खांद्यावर हनुवटी टेकून ऐकत बसते. 'ताबा', 'न्यायालय', 'संमती' हे शब्द सहा वर्षांच्या मुलीच्या कानावर पडू नयेत. म्हणून मी हाताने लिहीन आणि निरुपमा पानांचे फोटो काढून तुला धाडील. तूही असंच कर.

भक्ती आणि तन्मय गेले त्याला सात महिने झाले. माझी एकुलती एक बहीण आणि तिचा नवरा एका वळणावर एका ट्रकखाली संपले, आणि त्यांच्या मागे सानवी कुणाकडे राहावी याबद्दल त्यांनी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. ती एक ओळ आम्ही आता चौतीस कागदांनी भरून काढतो आहोत. मुलगी जन्माने न्यूझीलंडची नागरिक. त्यामुळे मामाने भाचीला घरी आणणं याला दोन्हीकडच्या कचेऱ्यांत परदेशातून मूल दत्तक घेणं म्हणतात. निम्मे कागद तिकडून, निम्मे इकडून, आणि शिक्के दिल्लीहून.

आतापर्यंत जमवलेले: लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला (माझ्यावर एकही गुन्हा नाही हे वाचून निरुपमा म्हणाली, त्यांना विचारायचं कुणाला ते कळलं नाही), डॉक्टरांचा दाखला, घराचे फोटो. नवरा-बायकोच्या वयांची बेरीज शंभराच्या आत हवी, हा नियम नातेवाइकांना लागू नाही म्हणे. नाहीतर आम्ही दोघं मिळून सत्त्याण्णव, म्हणजे शंभराच्या आत, विशेष योग्यता.

शेजाऱ्याचं शिफारसपत्र हवं होतं. समोरचे फत्तेसिंहराव आनंदाने तयार झाले. त्यांचे खापरपणजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि ते पत्रही त्याच वेगाने लिहितात. 'अत्यंत सज्जन, विद्वान आणि आदर्श जोडपे' असं सुरू केलं होतं. मला भारी संकोच वाटला. 'अत्यंत' खोडायला लावलं, 'आदर्श' काढून टाकलं. ते म्हणाले, "मास्तर, मग उरलं काय?" म्हटलं, जोडपे उरलं, ते खरं आहे.

पुढच्या महिन्यात इथल्या कचेरीतून समाजसेविका घर बघायला येणार आहे. ती येऊन गेली की डोंगर उतरलो.

सानवीला गोड पापा.

तुझा,
शरददादा

⁂

हॅमिल्टन,
१७ मार्च २०२५

ती. दादा,

सा. न.

पत्र मिळालं. फोटोत तुमचं अक्षर वाचताना मान मोडली, पण वाचलं.

आता माझं ऐका. इथल्या कौटुंबिक न्यायालयात तारीख पडली आहे, १८ जुलै. सानवीला माझ्याकडे ठेवायची परवानगी तात्पुरती आहे. मी एकटी, हॉस्पिटलातल्या पाळ्या करणारी नर्स. ते मला कायमची देणार नाहीत, आणि ते बरोबर आहे हे मलाही कळतं. त्या दिवशी तिचं कायमचं घर ठरणार. तुमचा गृहभेटीचा अहवाल मेअखेर इथे पोचला पाहिजे. आमची केस बघणारी रूथ नावाची बाई आहे. वाईट नाही, पण तिचं सगळं कागदावर चालतं. ती तुम्हाला ओळखत नाही. कागद तुमच्याबद्दल जे सांगेल तेवढेच तुम्ही.

तर दादा, हात जोडून सांगते, समाजसेविकेशी तुम्ही आमच्याशी बोलता तसं बोलू नका. आम्ही तुमच्या जिभेखाली वाढलो, आम्हाला कळतं. आणि 'अत्यंत' परत घालून घ्या त्या पत्रात.

सानवी बरी आहे. शनिवार-रविवारी भक्तीच्या ओळखीतल्या हेदरच्या फार्मवर वासरं बघायला जाते.

तुमची,
मोहना

⁂

बडोदे,
६ एप्रिल २०२५

चि. मोहनास,

गृहभेट पार पडली, आणि मी इतका गुणी वागलो की तुला अभिमान वाटेल.

समाजसेविकेचं नाव हेतलबेन. वय असेल सव्वीस. सावली गावाहून रोज बसने येते. हातात फॉर्म, फॉर्मला चिमटा, चिमट्याला पेन. निरुपमाने सकाळीच खंडेराव मार्केटमधून फळं आणून ठेवली होती. श्रीखंड, बटाटेवडे, चिवडा असं सगळं मांडल्यावर त्या पोरीला फॉर्म ठेवायला जागा उरली नाही. तो तिने मांडीवर घेतला. निरुपमाने ठेवणीतली पैठणी नेसली होती. मी म्हटलं, अगं, तुला बघायला नाही आलेले, तुझं झालं आहे.

हेतलबेन म्हणाली, घर सरस छे. आता कुणी घराला छान म्हटलं की आपण काय म्हणतो? म्हटलं, "घर कसलं बेन, डोकं टेकायला जागा आहे झालं." तीन खोल्या, गॅलरी, समोर कडुलिंब. पण आपल्या तोंडाने काय सांगायचं? तिने विचारलं, मुलं वाढवण्याचा काही अनुभव? म्हटलं, "शून्य. मला झेपणार नाही हे देवाच्या लक्षात आलं असावं." मग विचारलं, मूल दत्तक का घ्यायचं आहे? सख्ख्या बहिणीच्या लेकराबद्दल हा प्रश्न! असल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणं म्हणजे त्या प्रश्नाचा मान वाढवणं. म्हटलं, "म्हातारपणी चहा करून द्यायला कुणीतरी हवंच की." ती खाली मान घालून लिहीत होती. आपलं बोलणं इतक्या निष्ठेने लिहून घेणारी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत भेटली नव्हती.

शेवटी तिने सहीसाठी कागद पुढे केले. आलेल्या पाहुणीसमोर पान न पान तपासत बसायचं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं. मी न वाचता सही केली. निरुपमानेही. तुला ठाऊकच आहे आमचं घराणं. पणजोबांनी संस्थानच्या दफ्तरात पस्तीस वर्षं 'ताबेदाराची अल्पशी चाकरी' असं लिहिलं, आणि अख्ख्या महसूल खात्याचा भार वाहिला. आमच्याकडे मोठेपणा दुसऱ्याने सांगायचा असतो.

परवा फोनवर सानवीने विचारलं, "मामा, मी खरंच येऊ का?" म्हटलं, "ये की, पण उपद्रवी मुलींना आम्ही माळ्यावर ठेवतो." ती बहुतेक हसली. लाइन खरखरत होती.

शरददादा

⁂

हॅमिल्टन,
१० एप्रिल २०२५

ती. दादा,

तुमचं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि मग खुर्चीवर बसले.

चहाचं तुम्ही खरंच बोललात? आणि तिने ते लिहिलं?

अहवालाची प्रत मागून घ्या. आजच. दिल्लीला जायच्या आत. वाचा. मग मला कळवा, एकही वाक्य न सजवता.

मोहना

⁂

बडोदे,
४ मे २०२५

चि. मोहनास,

तू उगाच घाबरतेस. अहवाल रीतसर पुढे गेला आहे. कचेरीची पद्धत असते, तीत आपण फार बोटं घालू नयेत. कॉलेजला सुट्टी लागली, त्यामुळे मी सध्या घरातली पुस्तकं झटकतो आहे. उन्हाळा यंदा कडक आहे. आंबे महाग आणि आंबट, त्यामुळे विकणाऱ्याशी माझे संबंधही तसेच.

सानवीची खोली तयार करायला घेतली. रंग कुठला, यावर निरुपमाशी तीन दिवस वाद चालला होता.

बाकी सर्व क्षेम.

शरददादा

⁂

बडोदे,
१९ मे २०२५

प्रिय मोहना,

ह्यांनी तुला काही लिहिलं नसणार, म्हणून मी लिहिते. मला ह्यांच्यासारखं लिहिता येत नाही, समजून घे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात हे कचेरीत जाऊन अहवालाची प्रत घेऊन आले. तोपर्यंत मूळ प्रत दिल्लीला निघून गेली होती. घरी आल्यावर मला दाखवली नाही, कपाटात कोशांच्या मागे ठेवली. काल पुस्तकं आवरताना हाती लागली. इंग्रजीत आहे, मी तुला मराठीत लिहून पाठवते.

'अर्जदाराच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार घर अपुरे आहे.'

'मूल सांभाळणे आपल्याला झेपणार नाही असे अर्जदार सांगतात.'

'दत्तक घेण्याचा हेतू: वृद्धापकाळी घरकामासाठी कोणीतरी असावे.'

आणि हे माझ्याबद्दल: 'पत्नीची स्वतंत्र इच्छा दिसून आली नाही.' मला तिने विचारलं होतं, तुमची तयारी आहे का. मी काय म्हणाले माहीत आहे? "ह्यांनी ठरवलं की झालं." पाहुण्यांसमोर तसंच म्हणायचं असतं ना गं. बावीस वर्षं मी मूल मागते आहे, आणि ज्या दिवशी कुणीतरी पेन घेऊन विचारायला आलं, त्या दिवशी मी असं बोलले.

खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

हे जेवत नाहीत नीट. विनोदही करत नाहीत, हे जास्त भीतीचं आहे. काय करायचं ते तू सांग.

निरुपमा

⁂

हॅमिल्टन,
२७ मे २०२५

ती. दादा,

वहिनींचं पत्र मिळालं. त्यांच्यावर रागावू नका.

अहवाल इथे पोचला आहे. रूथने गेल्या आठवड्यात मला बोलावून तो माझ्यासमोर वाचला. चहाच्या वाक्याशी थांबली, चष्मा काढला आणि म्हणाली, "मोहना, ह्या माणसाला मोलकरीण हवी आहे का?" मी सांगितलं, आमच्याकडे असंच बोलतात, स्वतःला कमी करून सांगणं हा चांगुलपणा समजतात. ती म्हणाली, "मग जे खरंच कमी पडतात ते काय म्हणतात?" याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

आता मी काय लपवलं ते सांगते. हेदर आणि तिचा नवरा कॉलिन यांनी सानवीसाठी अर्ज केला आहे. फेब्रुवारीतच. चांगली माणसं आहेत, दादा. मोठं घर, स्वतःची दोन मोठी मुलं, आणि वासरं. सानवीला तिथे आवडतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं तुमचे कागद आले की प्रश्नच मिटेल. त्यांचे कागद तर मी पाहिले आहेत. त्यांनी लिहिलंय, 'आमचं तिच्यावर प्रेम आहे आणि आम्ही तिला उत्तम वाढवू.' बस्स, इतकंच. संकोच नाही, काही नाही.

अजून एक आहे. हे लिहायला मला तीन दिवस लागले. माळ्याच्या गोष्टीवर सानवी हसली नव्हती. ती फोन ठेवून स्वच्छतागृहात जाऊन बसली होती. रूथने तिला विचारलं, तुला मामाकडे जायचंय का? ती म्हणाली, "मामाला मी नकोय. मी विचारलं की तो दुसरंच काहीतरी बोलतो."

रूथ वीस जूनला तुमच्याशी दोघांशी व्हिडिओवर बोलणार आहे. त्याआधी अहवालाला पुरवणी जोडता आली तर बघा. दादा, आता सरळ बोला.

मोहना

⁂

बडोदे,
५ जून २०२५

चि. मोहनास,

तुझं पत्र वाचून झालं. नंतर बसमध्ये बसलो आणि सावलीला गेलो.

हेतलबेन घरीच होती. तिच्या आईने पाणी दिलं. मी तिला विचारणार होतो की हे असं कसं लिहिलं. मी तोंड उघडायच्या आधी ती म्हणाली, "सर, तमे जे बोल्या ए ज में लख्युं छे." मी जे बोललो तेच तिने लिहिलं. त्यात खोट काय काढणार? म्हणाली, "सर, तुम्ही एवढे शिकलेले. मला वाटलं, तुम्ही विचार करूनच बोलत असाल." तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो की लिहिलेलं वाक्य आधी आहे तसं वाचा, मग त्याचा अर्थ लावा. सावलीत एका मुलीने ते माझ्यावरच करून दाखवलं.

ती पुरवणीसाठी पुन्हा येते म्हणाली. अट घातली की श्रीखंड नको. सोमवारी येऊन गेली. निरुपमा सुती साडीत बसली आणि तिने सरळ सांगितलं, "मला ही मुलगी हवी आहे. हे नसते म्हणाले तरी मी मागितली असती." मी बावीस वर्षांत तिचा तो आवाज ऐकला नव्हता. माझी पाळी आली तेव्हा तीन वाक्यं बोललो. तिसऱ्याला घाम फुटला. पुरवणी दोघांनी वाचली, दोनदा, आणि सही केली. हेतलबेनचा अपमान झालेला दिसला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जे खरंच कमी पडतात ते काय म्हणतात? सांगतो. भक्तीच्या पोटात सानवी होती तेव्हा तिचा फोन आला होता. "दादा, इकडे सगळे मृत्युपत्र करून ठेवतात. आम्हाला काही झालं तर बाळ तुमच्याकडे, असं लिहू का?" मोहना, मूल नसलेल्या माणसाला कुणी असं विचारलं की काय होतं ते मी तुला सांगू शकत नाही. म्हणून मी म्हटलं, "वयाने आधी नंबर माझा आहे, रांग मोडू नकोस." ती खळखळून हसली. मीही हसलो. तो विषय पुन्हा निघाला नाही. तिने ती ओळ लिहिली नाही, कारण मी 'हो' म्हणालो नाही. 'हो' म्हणायला किती वेळ लागला असता?

हे निरुपमालाही माहीत नव्हतं. आज सांगितलं. ती उठून गॅलरीत गेली. अजून आत आलेली नाही.

शरददादा

⁂

हॅमिल्टन,
२२ जून २०२५

ती. दादा,

रूथशी तुमचं बोलणं कसं झालं ते तुम्ही कळवलं नाहीत. तिच्याकडूनच कळलं.

ती म्हणाली, तुम्हाला तिने विचारलं की ही मुलगी तुम्हाला का हवी आहे, तेव्हा तुम्ही काहीतरी सुरू केलंत आणि मध्येच थांबलात. मग इतका वेळ गप्प बसलात की तिला वाटलं चित्र अडकलं. वहिनी म्हणाल्या, मला ती हवी आहे. शेवटी तुम्ही म्हणालात, "मलाही." एवढंच. रूथने ते एवढंच लिहून घेतलं आहे.

पुरवणी तिने मान्य केली. मृत्युपत्राची गोष्ट मी तुमच्या परवानगीशिवाय तिला सांगितली, माफ करा. आता तिचं मत तुमच्या विरुद्ध नाही. पण बाजूनेही नाही. तिने लिहिलं आहे की दोन्ही घरं योग्य आहेत आणि मुलीच्या मताला वजन द्यावं. न्यायालयाने सानवीसाठी वेगळी वकील नेमली आहे. ती दहा जुलैला तिला एकटीला भेटणार. मला खोलीत बसता येणार नाही.

आणि सानवी तुमच्या फोनवर यायला तयार नाही. मी आग्रह करत नाही. आग्रह केला असं वकिलाला वाटलं तर ते वाईट दिसेल.

तिला पत्र लिहा, दादा. अठरा दिवस आहेत. मी शब्द न बदलता वाचून दाखवीन. लिहून झालं की एकदा बघा, आणि जिथे तुम्हाला स्वतःला मजा वाटली ते वाक्य काढून टाका.

मोहना

⁂

बडोदे,
२९ जून २०२५

चि. सानवीस,

हे पत्र मोहनामावशी तुला वाचून दाखवेल. ते मी, शरदमामाने लिहिलं आहे.

तू मला विचारलं होतंस, "मी खरंच येऊ का?" मी तुला माळ्याचं काहीतरी सांगितलं. ते खोटं होतं. आमच्या घराला माळा नाही. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज देतो.

हो. ये. मामीला आणि मला तू हवी आहेस.

तू विचारलंस तेव्हा मला भीती वाटली. मला वाटलं, मी हो म्हटलं आणि तू आलीच नाहीस तर? मला भीती वाटली की मी विनोद करतो. मोठ्या माणसांना अशा वाईट सवयी असतात. तुला वाटलं की मामाला मी नकोय. तशी चूक कुणाचीही झाली असती. ती माझ्यामुळे झाली.

तुझी आई माझी धाकटी बहीण. ती लहान असताना तिला शाळेत मी सायकलवरून सोडायचो. ती मागे बसून माझा सदरा घट्ट धरायची. तो सदरा मागून चुरगळलेला असायचा आणि मला कॉलेजात सगळे हसायचे. मी कधी तिला सोड म्हणालो नाही. मला तिची फार आठवण येते. तुलाही येत असेल. आम्हाला तिच्याबद्दल खूप गोष्टी माहीत आहेत. ज्या तुला माहीत आहेत त्या आम्हाला माहीत नाहीत.

हेदरमावशी आणि कॉलिनकाका चांगले आहेत असं मोहनामावशीने सांगितलं. तुला तिथे राहावंसं वाटलं तर तसं सांग. आम्ही रागावणार नाही. आम्हाला वाईट वाटेल, पण ते आमचं आम्ही बघू. त्याची काळजी तू करायची नाहीस.

एक बाई तुला विचारायला येतील. त्यांना खरं ते सांग. कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. माझ्यासाठीही नाही.

तुझा,
मामा

⁂

हॅमिल्टन,
१८ जुलै २०२५

ती. दादा,

सुनावणी संपवून आत्ताच घरी आले. फोन करत नाही. का ते पुढे कळेल.

तुमचं पत्र मी सानवीला ३० जूनला वाचून दाखवलं. संपल्यावर ती म्हणाली, "परत." परत वाचलं. मग तिने विचारलं, "यात हसायचं कुठे आहे?" मी म्हटलं, कुठेच नाही. तिने कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू बघितली. "मग तो खरंच म्हणतोय," असं म्हणाली आणि जेवायला बसली. त्यानंतर दहा दिवस तिने तुमचं नाव काढलं नाही. मी काय भोगलं ते मलाच ठाऊक.

दहा तारखेला वकील बाई तिच्याशी तासभर बोलली. काय बोलणं झालं ते मला आज न्यायालयातच कळलं. सानवी तिला म्हणाली, मला मामाकडे जायचंय, पण आधी मला त्याला काही विचारायचंय. आणि उत्तर लिहून पाहिजे, फोनवर नको.

न्यायाधीश बाईंनी सगळं ऐकलं. हेदरला विचारलं. हेदर रडली, पण म्हणाली की मुलीला जायचं असेल तर आम्ही आड येणार नाही, सुट्टीत तिला आमच्याकडे पाठवा. मग न्यायाधीश म्हणाल्या, हुकूम तयार आहे. मुलीच्या प्रश्नांना मामाचं लेखी उत्तर आलं आणि तिचं समाधान झालं की मी सही करीन. मंगळवारपर्यंत. समाधान झालं नाही तर पुढची तारीख.

दादा, आता सगळं ह्या एका कागदावर आहे. शिक्के नकोत, दाखला नको. सानवीने मराठीत सांगितलं ते मी तसंच्या तसं उतरवलं आहे:

'मला भेंडी आवडत नाही. मी दिवा लावून झोपते. मी कधी कधी अंथरूण ओलं करते, मोहनामावशीने कुणाला सांगितलं नाही. मला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. मी तुम्हाला आई-बाबा म्हणणार नाही. हे सगळं चालेल का?

आणि मी रडले तर मामा विनोद करणार का?'

मोहना

⁂

बडोदे,
१९ जुलै २०२५

चि. सानवीस,

तुझे प्रश्न मिळाले.

भेंडी नको, चालेल. दिवा चालेल. अंथरूण ओलं झालं तर चादर बदलू, आणि कुणाला सांगणार नाही. वाचायला शिकवीन, पण तुला हवं असेल तेव्हाच. मामा आणि मामी म्हण. तेच आमचं नाव आहे.

तू रडलीस तर मी विनोद करणार नाही. तुझ्याजवळ बसेन.

मामा
मामी